कान कोण पिळणार?

माझ्या लग्नाची सगळी तयारी मीच केली. दुसऱ्या कुणी केली असती तर मी ती पुन्हा तपासली असती, म्हणजे काम दुप्पट. भोरच्या एका हायस्कुलात मी क्लार्क आहे. स्नेहसंमेलनापासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि प्रत्येक कामाचा एक कागद असतो. त्यामुळे पन्नाशीच्या तोंडावर स्वतःचं लग्न काढायची वेळ आली तेव्हा मी गडबडले नाही. एक कागद घेतला आणि लिहिलं: आचारी एक, भटजी एक, पाहुणे साठच्या आत, नवरा ठरलेला.

नवराही याच कामातला. किकवीला त्यांचं मंडपाचं गोडाऊन आहे. कनाती, खुर्च्या, पातेली, पाण्याची पिंपं, सगळं भाड्यानं देतात. आमच्या शाळेच्या संमेलनाला मंडप त्यांचाच असतो आणि आमची ओळख खुर्च्या मोजताना झाली. कार्यक्रम संपला की खुर्च्या मी मोजायची, तेही मोजायचे आणि दोघांचा आकडा जुळायचा. ज्यांनी मंडपवाल्यांशी व्यवहार केला आहे त्यांना कळेल, हे किती दुर्मिळ आहे. मी त्यांना 'मंडपवाले' म्हणायची, ते मला 'मॅडम'. अशी बरीच संमेलनं गेली. मग एका वर्षी ते मोजता मोजता मध्येच थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं पण एकटीचं, माझं पण एकट्याचं. बघा विचार करून. घाई नाही." आणि पुन्हा पहिल्या खुर्चीपासून मोजायला लागले, कारण आकडा विसरले होते. त्या दिवशी आमचा आकडा पहिल्यांदा चुकला. मला ते आवडलं.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा चाकणला नोकरीला. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, मी करवली! माझ्या साडीचं तुझ्या कागदावर लिही."

म्हणजे इकडं सगळं सोपं होतं. अवघड होतं ते हिर्डोशीला.

हिर्डोशी माझं सासर. पहिल्या यजमानांचं घर. ते गेले, मागून सासू-सासरे गेले, आता तिथं धाकटे दीर आणि जाऊबाई आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी मी भोरला खोली घेतली, नोकरी धरली, पण भाताच्या लावणीला आणि कापणीला हिर्डोशीला जाणं एकदाही चुकवलं नाही. शाळेत रजेचा अर्ज मी पाऊस यायच्या आधीच लिहून ठेवायची. आणि कापणी-झोडणी उरकली, भात भरडून आणला की भाऊजी तांदळाचं पोतं घेऊन यष्टीनं भोरला यायचे, खांद्यावरून जिना चढवून स्वयंपाकघरात ठेवायचे, चहा प्यायचे आणि "येतो वैनी" म्हणून निघायचे. आमचं वर्षभराचं बोलणं एवढंच, पण ते कधी चुकलं नाही.

लग्नाचं सांगायला मी स्वतः गेले. भाऊजी ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं. माणूस कोण, कुठला, काय करतो. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि विळा घेऊन मागच्या दारानं रानात निघून गेले. जाऊबाई म्हणाल्या, "त्यांचं आसंच हाय. तुमी मनाला लावून घिऊ नका." पुढं मंडपवाले स्वतः दोनदा त्यांना भेटायला हिर्डोशीला जाऊन आले. दोन्ही वेळेला भाऊजी रानात आणि जाऊबाईंच्या हातचा चहा.

त्या वर्षी पोतं आलं नाही.

माझी मावशी भोरातच राहते. तिच्या जिभेवर कुणाचा ताबा नाही. ती म्हणाली, "अगं, आमच्या वेळी असल्या लग्नाला पाट म्हणायचे. पाट अंधारात लावायचे, न अक्षता, न वाजंत्री. आणि एकदा पाट लागला की बाईनं पहिल्या घराकडं वळून बघायचं नाही. तो उंबरा बंद. तू पत्रिका छापतेस आणि वर त्यांनाच बोलावतेस!"

मी म्हटलं, "मावशी, तू जिलबी किती खाणार तेवढं सांग. तेवढंच लिहायचं राहिलंय."

पण रात्री मला झोप येईना. मंडपवाल्यांबद्दल मनात काही किंतु नव्हता. पण नवं घर मिळताना जुनं हातचं जाणार असेल तर तो हिशोब मला मान्य नव्हता. भाऊजी लग्नाला आले तर हिर्डोशीचं दार उघडं, नाही आले तर पुढच्या लावणीला मी कोणत्या तोंडानं जाणार? एवढा एकच प्रश्न होता आणि तो कोणत्या कागदावर घालावा, मला कळत नव्हतं.

लग्नाची जागा ठरवली भाटघरला, रस्त्यालगतच्या एका छोट्या देवळाच्या आवारात. विधी ठरवायला भटजी शाळेच्या ऑफिसातच आले. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं बसलो. दोघांचंही दुसरं लग्न, तेव्हा जरुरीचं तेवढं ठेवायचं, बाकीचं काटायचं, असं ठरलं. साखरपुडा काटला. रुखवत काटलं, कारण माझ्या घरात भांडी ठेवायला जागा नाही आणि त्यांच्या गोडाऊनमध्ये हजार माणसांची भांडी आहेत. कानपिळीपाशी येऊन थांबलो.

होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो, तो हा विधी.

"मला भाऊ नाही," मी म्हटलं. "बहिणीच आहेत."

"मग कान कोण पिळणार?" भटजींनी विचारलं. "चुलत, मावस, कुणी चालेल."

"काटा, मॅडम," मंडपवाले घाईघाईनं म्हणाले. "पहिल्या लग्नात मेव्हण्यानं असा पिळला होता की आठवडाभर हेल्मेट घालता येईना."

मी काट मारली.

कामाची वाटणी आम्ही दोघांनी केली. मंडपाकडचं त्यांनी लिहिलं, पाहुणे आणि जेवणाकडचं मी. मग कागद एकमेकांना दाखवले, तपासले आणि दोघांनीही खाली बरोबरची खूण केली. संमेलनाच्या वेळी करतो तसंच.

लग्नाच्या दिवशी आम्ही लवकर भाटघरला पोचलो. थंडी सरत आली होती, मोकळं ऊन होतं. मंडप उभा होता, पण मंडपवाले अजून हातात सुतळी घेऊन फिरत होते. अंगात नवा कुडता आणि डोक्याला फेटा, वर खांद्यावर दोरीचं वेटोळं.

"मॅडम, साडी चांगली आहे," ते म्हणाले. "जरा बाजूला सरका, खांब हलवायचाय."

मुलगी म्हणाली, "आई, किती रोमँटिक आहेत गं हे!"

मी आधी देवळामागं स्वयंपाकाकडं गेले. मटकीची उसळ झाली होती, पुऱ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण जरा सरकवलं तर वाफेबरोबर असा वास आला की मी तशीच थांबले. भोरच्या दुकानातून मी आणवलेला तांदूळ मोकळा आणि बिनवासाचा होता. मी स्वतः दाणा चावून घेतला होता.

"हा माझा तांदूळ नाही," मी आचाऱ्याला म्हटलं.

"मंडपवाल्यांचा माणूस घेऊन आला, बाई. म्हणाला, आज ह्योच शिजवायचा. वास बघितला आणि मी पण नाही म्हणालो नाही."

"आणि मी आणलेला?"

"त्यो हाय की तसाच, पोत्यात."

मला राग आला. ऐन वेळी परस्पर तांदूळ बदलायचा म्हणजे काय? मंडपवाल्यांना विचारायचं ठरवलं, पण ते शिडीवर होते आणि मला कमानीपाशी जायचं होतं. वास ओळखीचा आहे एवढं कळत होतं, पण त्या क्षणी मला वासापेक्षा बदल जास्त खटकला.

रस्त्याच्या कडेला मंडपवाल्यांनी फुलांची छोटी कमान उभी केली होती. पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडं होतं. मी गुलाबपाण्याची सुरई घेऊन उभी राहिले. शाळेतले लोक आले, किकवीचे लोक दोन टेम्पोतून आले, बहिणी आल्या. भोरकडून यष्टी आली की मी मान उंच करून बघायची. हिर्डोशीहून भोरला यायला गाड्या मोजक्याच, त्यातून तिथून पुन्हा बदलून यायचं. एक गाडी आली, त्यातून कॉलेजची दोन पोरं उतरली. दुसरी थांबलीच नाही. भाऊजींचा मोबाईल लावला तर रेंजबाहेर. तो कायमच असतो.

मुलगी येऊन मला ओढायला लागली. "चल ना आई. कुणाची वाट बघतेस?"

"पाहुण्यांची."

"पाहुणे सगळे आत आहेत. काका येतील त्यांच्या वाटेनं."

"वाट एकच आहे," मी म्हटलं. "हा रस्ता."

ती ओठ दाबून हसली. मला वाटलं, साडीत चालता येत नाही म्हणून लाजतेय.

तेवढ्यात आतून माईकवर भटजींचा आवाज आला. "वधू-वरांनी बोहल्यावर यावं. मुहूर्ताची वेळ होत आली आहे."

जरा वेळानं पुन्हा तेच. मग जरा मोठ्यानं. मग मावशीचा आवाज, माईकवरूनच, "अगं, हितं पाट दोन आणि माणूस एक नाही! कुठं आहेत दोघं?"

खरी चूक तेव्हा कळली. मंडपवाल्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं: मुहूर्ताच्या वेळी मंडपावर लक्ष, स्वतः. माझ्या कागदावर होतं: मुहूर्त लागेपर्यंत कमानीपाशी स्वागत, मी. दोघांनी एकमेकांचे कागद तपासले होते. दोघांच्याही मनात आलं नाही की या वेळी आपली जागा बोहल्यावर आहे. जन्मभर दुसऱ्यांचे कार्यक्रम पार पाडले की असं होतं. ते शिडीवर होते आणि मी रस्त्यावर.

मावशी तरातरा कमानीपर्यंत आली. "तू नवरी आहेस का वॉचमन?"

"एक गाडी बघते, मावशी. भोरहून आता एक यायची आहे."

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्या हातातली गुलाबपाण्याची सुरई काढून घेतली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मी थांबते कमानीत. आला की पहिला तुझ्यापाशी आणते. तू जा."

मी गेले. मंडपवाले शिडीवरून उतरले. त्यांचा मुलगा त्यांच्या मागं उभा राहिला, माझी मुलगी माझ्या मागं. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं चालू असताना सगळे अंतरपाटाकडं बघत होते, मी मान वळवून कमानीकडं. तिथं मावशी एकटीच उभी होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोवर तिनं गुलाबपाणी शिंपडलं. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला. हार घालताना मंडपवाले माझ्याकडं वाकून म्हणाले, "मॅडम, आले नाहीत का?"

मी मान हलवली.

"आपण जाऊ तिसऱ्यांदा. नाही रानात भेटले तर रानात बसू."

पहिल्यांदाच मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं ते हाराच्या वेळचं आहे.

होम झाला. लाह्या वाहून झाल्या. भटजी म्हणाले, "आता सप्तपदी."

तेवढ्यात देवळाच्या मागच्या बाजूनं आवाज आला. "थांबा, म्हाराज. कान राहिला."

एक माणूस पुढं आला. डोक्याला टॉवेल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शर्ट पाण्यानं भिजलेला. मंडपवाल्यांनी त्याला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो दादा, विधी चाललाय. ते शेवटचं पिंप राहू द्या आता."

"भाऊजी," मी म्हटलं.

मंडपवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "हे? हे तुमचे दीर? मला वाटलं आचाऱ्याचा माणूस!"

मागून आचारी ओरडला, "आणि मला वाटलं तुमचा!"

"सकाळी पयल्या गाडीनं आलोय," भाऊजी सगळ्यांना सांगायला लागले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मागच्या पायवाटंनं आत आलो तर ह्यांनी बघितलं आन् म्हनले, दादा, जरा पिंपं भरा. भरली. मग म्हनले, बाकडी हिकडं घ्या. घेतली. वर म्हनत्यात, हळू ठेवा, फरशी फुटंल!"

मांडवात हसू फुटलं. मंडपवाल्यांनी हात जोडले.

"पर एक हाय," भाऊजी म्हणाले आणि हसणं थांबलं. "मी कोण, कुणाचा, काय म्हायती नसताना ह्या माणसानं दोनदा येऊन इचारलं, दादा, खाल्लं का काय? सोताच्या लग्नात. म्या म्हनलं, चालतंय."

ते पाटाजवळ आले. ओला हात शर्टाला पुसला, तो आणखी ओला झाला, आणि त्यांनी मंडपवाल्यांचा उजवा कान धरला.

"वैनीस्नी भाऊ न्हाई आसं सांगितलं आसंल तुमास्नी," ते म्हणाले. "हाय."

आणि पिळला. विधी म्हणून पिळतात तसा नाही. सकाळपासूनची सगळी पिंपं त्यात होती.

"लागलं का, दाजी?"

"लागलं."

"लागाय पायजे. नीट सांबाळा."

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. हा शब्द कानावर पडला आणि पुढचा थोडा वेळ मला काही दिसेना. मुलीनं मागून माझ्या हातात रुमाल दिला. तो तिनं आधीच काढून ठेवला होता. "सकाळपासून माहीत होतं," ती कानात म्हणाली. "काकांनी शपथ घातली. म्हणाले, आधी मला माणूस बघू दे."

भेट द्यायची म्हणजे पंचाईत. विधी आम्हीच काटलेला, त्यामुळे टॉवेल-टोपी काहीच आणलेलं नाही. मंडपवाल्यांनी कुडत्याचे खिसे चाचपले. एका खिशातून सुतळीचा गुंडा निघाला, दुसऱ्यातून पक्कड. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि भाऊजींच्या टॉवेलवरच ठेवला.

"आता देताय व्हय?" भाऊजी म्हणाले. "उनात पिंपं उचलताना द्यायचा."

जेवायला मी त्यांच्या शेजारी बसले. ताटात भात आला. आता वास ओळखायला वेळ लागला नाही.

"भाऊजी, मी कमानीत उभी होते तुमच्यासाठी. तुम्ही मागनं का आलात?"

"कमान पावण्यास्नी. घरच्या कार्याला कोण कमानीतनं येतं?"

"निदान आल्यावर सांगायचं."

"सांगितलं आसतं तर खुर्चीवर बसिवलं आसतं. खुर्चीवर बसून माणूस कळत न्हाई."

"आणि पोतं? मी थंडीभर वाट बघितली."

"हे काय, खाताय न्हवं का?" त्यांनी भात कालवला. मग ताटाकडं बघतच म्हणाले, "राग आला व्हता, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता वैनी लावणीला येनार न्हाईत. त्यांचं घर आता किकवीला. म्या पोतं बांदून ठिवलं व्हतं, पर घिऊन यायला पाय उचलंना. मग तुमची जाऊ म्हनली, हितं कुडत बसन्यापरास जाऊन बगा तरी."

म्हणजे थंडीभर मी भोरला बसून जी काळजी करत होते तीच ते हिर्डोशीला बसून करत होते.

"तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात," मी म्हटलं.

"मग? बरं म्हनलंच व्हतं की. आजून काय म्हनायचं?"

मावशीनं मध्येच विचारलं, आता तुम्ही भाऊ, मग हिला ताई म्हणणार का वहिनी? भाऊजींनी विचार केला. "कान भाऊ म्हनून पिळला," ते म्हणाले, "पर हाक वैनीच मारनार. जीभ वळत न्हाई." नंतर मावशीनं माझ्याकडून उखाणा घेतला. तो इथं देत नाही, कारण यमक जुळलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं भाऊजी गेले. आम्ही दोघांनी खुर्च्या मोजल्या. आकडा जुळला. मंडपवाल्यांचा कान तोवर चांगलाच लाल झाला होता.

लावणीला मी रजेचा अर्ज नेहमीसारखा आधीच देऊन ठेवला. मंडपवाल्यांचा हट्ट, मीपण येणार. हिर्डोशीला गाडीतून उतरलो आणि ते सवयीनं पुढच्या दाराकडं निघाले. मी त्यांना बाहीला धरून घरामागं नेलं. भाऊजी चिखलात उभे होते. हातातली रोपांची मूठ त्यांनी माझ्याकडं टाकली आणि मी खाचरात उतरले. मंडपवाल्यांनी खिशातून सुतळीचा गुंडा काढला आणि सुतळी या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणून बांधली. म्हणाले, ओळ सरळ आली पाहिजे.

भाऊजींनी सुतळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैनी," ते म्हणाले, "दाजींना पाणी आनाय सांगा. कळशी मागच्या दाराला हाय. आन् हळू ठेवा म्हनावं."